राज्याभिषेकाचे मग: कोणता घ्यावा, कसा तपासावा आणि कशाला भुलू नये

६ मे २०२३ ला तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. त्या निमित्ताने निघालेले मग आजही ब्रिटनमधल्या चॅरिटी दुकानांत आणि ऑनलाइन लिलावांत सर्रास मिळतात. त्यांच्याच शेजारी १९५३, १९३७, १९११ या आधीच्या राज्याभिषेकांचे मगही मांडलेले असतात. राजघराण्याच्या कट्टर चाहत्याच्या घरातलं कपाट बहुतेक यांनीच भरलेलं असतं. सोहळ्याच्या आधी काही रात्री बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या 'द मॉल' या रस्त्यावर तंबू ठोकून बसणारे असोत की घरी टीव्हीसमोर बसून मुकुट डोक्यावर चढताना डोळे पुसणारे, दोघांनाही त्या दिवसाची एक खूण जवळ हवी असते. कागदी झेंडे एका पावसात जातात, वर्तमानपत्रं पिवळी पडतात, टी-टॉवेल धुऊन विटतात. भट्टीत भाजलेला छाप मात्र शंभर वर्षांनीही जसाच्या तसा वाचता येतो. म्हणून हा रिव्ह्यू मगांचा, नव्या आणि जुन्या दोन्ही.

मत आधीच सांगतो. कपाटात ठेवायला एकच नवा मग घ्यायचा असेल तर रॉयल कलेक्शन ट्रस्टचा बोन चायनाचा घ्यावा, आणि चेहऱ्याचा न घेता राजचिन्हाचा घ्यावा. रोज चहा प्यायला हवा असेल तर स्टोक-ऑन-ट्रेंट या इंग्लंडमधल्या चिनीमातीच्या कामाच्या शहरात बनलेला, स्पंजने रंगवलेला अर्दनवेअर (साध्या भाजलेल्या मातीचा) मग घ्यावा. जुन्यात हात घालायचा असेल तर सुरुवात १९५३ पासून करावी. पुढे भाव चढेल या आशेने मात्र एकही घेऊ नये. ज्या मगाच्या जाहिरातीत 'गुंतवणूक' हा शब्द आहे, त्याच्याकडे वळूनही पाहू नये.

रॉयल कलेक्शन ट्रस्ट ही धर्मादाय संस्था आहे. राजघराण्याचा कलासंग्रह सांभाळणं आणि राजवाडे लोकांना पाहायला खुले करणं हे तिचं काम. सरकारी तिजोरीतून तिला पैसे मिळत नाहीत. तिकिटं आणि दुकानं यांतून येणारी रक्कम संग्रहाच्या देखभालीला जाते. लंडनमध्ये बकिंगहॅम पॅलेस रोडवर, किंग्ज गॅलरीत आणि रॉयल म्यूजमध्ये, म्हणजे शाही तबेल्यांत, तिची दुकानं आहेत. बाहेर विंडसरला आणि एडिंबराच्या होलीरूड पॅलेसमध्ये आहेत. प्रत्येक मोठ्या प्रसंगाला ही संस्था चिनीमातीची एक पूर्ण मालिका काढते: मग, कप-बशी, पिल बॉक्स, दोन कानांचा लव्हिंग कप, मोठ्या थाळ्या. या मालिकांचं काम स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरात होतं, आणि सोनेरी कड हाताने लावलेली असते.

पैसे कशाचे पडतात ते कळण्यासाठी मग बनतो कसा हे थोडं पाहायला हवं. बोन चायनाच्या मातीत साधारण निम्मा भाग गुरांच्या हाडांची राख असते; उरलेला भाग चायना क्ले आणि चायना स्टोन यांचा. (हाडांची राख चालत नसेल त्यांनी इथेच थांबून अर्दनवेअरकडे वळावं. बुडावर 'बोन चायना' छापलेलं असतं, त्यामुळे फसगत होत नाही.) कच्चा मग पहिल्यांदा १२०० ते १२५० अंश सेल्सियसला भाजतात. मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, लावून १०५० ते ११०० अंशांच्या आसपास दुसरी भट्टी. चित्र त्यानंतर येतं. ते खास कागदावर आधीच छापलेलं असतं, त्याला डेकल म्हणतात. कोमट पाण्यात भिजवलं की चित्राचा पातळ पापुद्रा कागदावरून सुटतो. तो मगावर सरकवायचा, जागेवर बसवायचा आणि रबराच्या पट्टीने खालचं पाणी आणि हवा मधून कडेकडे ढकलून बाहेर काढायची. यानंतर ८०० अंशांच्या आसपास तिसरी भट्टी. सोनं वेगळं लावलं असेल तर त्यासाठी आणखी एक.

महागड्या मगातही चूक होते ती या डेकलच्या पायरीवरच. पापुद्र्याखाली पाण्याचा थेंब राहिला तर भट्टीत त्याची वाफ होते आणि चित्र तिथे फाटतं. थंड झाल्यावर त्या जागी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो. गडद निळ्या किंवा जांभळ्या पट्ट्यात हे ठिपके लगेच डोळ्यात भरतात, म्हणून आधी तिथेच पाहावं. पापुद्रा ताणला गेला तर वर्तुळाचं अंडं होतं. पूर्ण मगाला वेढणारी नक्षी असेल तर तिची दोन टोकं बहुधा कानाखाली जुळवतात. तिथे फट किंवा एकावर एक चढलेली रेघ आहे का ते बघावं. केसाइतकी फट असेल तर हरकत नाही, नखाच्या कडेएवढी असेल तर मग बदलून मागावा. दुकानात उभं राहून चार मग शेजारी ठेवले तर हा फरक दोन मिनिटांत कळतो. ऑनलाइन मागवला तर कानाखालचा फोटो कुणी दाखवत नाही, त्यामुळे पेटी उघडल्यावर पहिलं काम तेच.

चिन्हाचा मग घ्यावा असं म्हटलं त्याचं कारण याच पापुद्र्यात आहे. मानवी चेहरा वळणदार पृष्ठभागावर बसवला की समोरून बरा दिसतो, जरा कोन बदलला की गाल पसरतो आणि कपाळ अरुंद होतं. जुन्या कारागिरांनी यावर तोड काढली होती. चेहरा लहान ठेवायचा, अंडाकृती चौकटीत बसवायचा आणि ठिपक्याठिपक्याने कोरून छापायचा. आता बहुतेक ठिकाणी फोटो चार रंगांत फोडून थेट छापतात. भिंग धरलं तर ओठांवर गुलाबी आणि निळ्या ठिपक्यांची जाळी दिसते. राजाच्या नावाच्या जुळलेल्या अक्षरांना ही अडचण येत नाही. सपाट सोनं आणि स्पष्ट रेषा कोणत्याही वळणावर शोभतात.

चार्ल्सच्या चिन्हाबद्दल खरेदीदारांचा वारंवार गोंधळ होतो. त्याच्या वैयक्तिक चिन्हात 'सी' आणि 'आर' ही अक्षरं गुंफलेली आहेत, 'आर'च्या पोटात रोमन तीन आहे आणि वर ट्यूडर मुकुट आहे. या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर फुगलेल्या असतात. दुसऱ्या एलिझाबेथच्या चिन्हावर सेंट एडवर्डचा मुकुट होता, त्याच्या कमानी मध्ये खाली दबलेल्या असतात. राज्याभिषेक सोहळ्याचं बोधचिन्ह मात्र वेगळंच आहे. डिझायनर जॉनी आइव्ह यांच्या 'लव्हफ्रॉम' या स्टुडिओने ते केलं. गुलाब, काटेरी थिसल, डॅफोडिल आणि शॅमरॉक या चार फुलापानांतून सेंट एडवर्डच्या मुकुटाचा आकार साधलेला आहे. त्यामुळे एकाच राजाच्या दोन वस्तूंवर दोन तऱ्हांचे मुकुट दिसले तर एक नकली आहे असं समजू नये. स्कॉटलंडसाठीच्या वस्तूंवर तिसरा, म्हणजे स्कॉटिश मुकुट असतो.

'अधिकृत' या शब्दापाशीही सावध राहावं. सोहळ्याचं बोधचिन्ह लोकांना, संस्थांना, गावोगावच्या मंडळांना वापरायला मोकळं ठेवलं होतं. म्हणून मगावर ते दिसलं एवढ्यावरून तो राजवाड्याच्या दुकानातला ठरत नाही. एरवी राजचिन्हं आणि राजघराण्यातल्या व्यक्तींचे फोटो व्यापारी मालावर छापायला बंदी असते. राज्याभिषेक, ज्युबिली, लग्न अशा प्रसंगी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबाराच्या अधिकाऱ्याचं कार्यालय हे नियम तात्पुरते सैल करतं. अटी ठरलेल्या असतात: वस्तू अभिरुचीला धरून हवी, टिकाऊ हवी, तिच्यावर जाहिरात नको आणि राजघराण्याची मान्यता असल्याचा भास व्हायला नको. 'बाय अपॉइंटमेंट' ही मोहोर पुन्हा वेगळी. ती कंपनी राजघराण्याला माल पुरवते एवढंच त्यातून कळतं, हातातला मग राजवाड्याने मागवला होता असं त्यातून निघत नाही. खरा अधिकृत मग ओळखायचा तो बुडावरच्या रॉयल कलेक्शनच्या छापावरून.

आता अर्दनवेअर. एमा ब्रिजवॉटरचा स्टोकमधल्या हॅन्लीचा कारखाना या कामासाठी प्रसिद्ध आहे आणि जवळपास प्रत्येक शाही प्रसंगाला त्यांचा अर्ध्या पाइंटचा, म्हणजे साधारण २८० मिलिलीटरचा मग निघतो. स्पंजचे ठसे कापून ते कोऱ्या भाजलेल्या मगावर हाताने उठवतात आणि मग वरून ग्लेझ देतात. रंग काचेच्या थराखाली गेल्यामुळे चमच्याने, घासणीने किंवा डिशवॉशरने तो जात नाही. दोन मग हुबेहूब सारखे नसतात. कुठे ठसा जरा कलतो, कुठे रंग दाट पडतो. हा दोष नाही. बुडावर रंगवणाऱ्या कारागिराची खूण असते तीही पाहून घ्यावी. कमतरता सांगायची तर हा मग जाड आणि जड असतो, आणि काठाला टवका उडाला की आतली सच्छिद्र माती उघडी पडून चहाचा डाग धरते. टवका उडालेला अर्दनवेअर मग चहासाठी वापरू नये, त्यात पेन्सिली ठेवाव्यात.

बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो तिसरा प्रकार, सब्लिमेशनचा. पांढऱ्या मगावर पॉलिएस्टरचा थर देतात आणि १८० ते २०० अंशांच्या उष्णतेने कागदावरची शाई त्या थरात उतरवतात. भट्टी नाही, कारागीर नाही. घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी माल तयार. असा मग ओळखायचा तर छापावरून नखाची कड हलकेच फिरवावी. डेकलच्या कडेला अगदी किंचित उंचवटा लागतो, सब्लिमेशनच्या मगाला सगळीकडे सारखाच गुळगुळीत प्लॅस्टिकसारखा स्पर्श असतो. खिडकीत ठेवला तर काही उन्हाळ्यांत रंग उडतो, आणि पहिल्यांदा बहुधा लाल जातो. प्रवासाची आठवण म्हणून जरूर घ्यावा, संग्रहात मांडू नये.

घाईत छापण्याचा परिणाम २०२२ मध्ये सगळ्या ब्रिटनने पाहिला. एलिझाबेथच्या प्लॅटिनम ज्युबिलीसाठी, म्हणजे गादीवरच्या सत्तर वर्षांच्या सोहळ्यासाठी, चीनमधून आलेल्या कप, मग आणि थाळ्यांवर 'ज्युबिली'च्या जागी 'जबली' छापलं गेलं होतं. तब्बल १०,८०० वस्तू. वर राणीचं चित्र ठीक, तारीख ठीक, आणि मुख्य शब्दच चुकलेला. शेवटी तो माल विनोदी आठवण म्हणूनच विकायला काढला. यातून घ्यायचं ते एवढंच की मगावरचं प्रत्येक अक्षर वाचावं: नाव, क्रमांक, तारीख, महिना. पोर्ट्रेटकडे सगळे बघतात, मजकूर कुणी वाचत नाही.

जुन्या मगांकडे वळलं की तारखाच जास्त बोलतात. राजाचं चित्र असलेली भांडी ब्रिटनमध्ये १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतला तेव्हाही होती, पण ती हाताने रंगवलेली, मोजक्यांच्या घरी जाणारी. कोरीव पत्र्यावरून कागदावर आणि कागदावरून मातीवर छाप उतरवायची युक्ती अठराव्या शतकाच्या मध्यात रुळली. त्यानंतरच राजाराणी सामान्य माणसाच्या फळीवर पोचले. व्हिक्टोरियाच्या २८ जून १८३८ च्या राज्याभिषेकाचे अस्सल मग आज दुर्मीळ आहेत. त्यांतल्या प्रसिद्ध प्रकारावर तिचा जन्म, गादीवर आल्याची घोषणा आणि अभिषेक अशा तीन तारखा असतात. कुणी १८३८ चा म्हणून दाखवला आणि बुडावर 'मेड इन इंग्लंड' किंवा 'बोन चायना' दिसलं तर बोलणं तिथेच संपवावं, ते शब्द विसाव्या शतकातले आहेत. नुसतं 'इंग्लंड' हा शब्द १८९१ पासून सर्रास येऊ लागला, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'आर डी' अक्षरांपुढे सलग नोंदणी क्रमांक असेल तर तो १८८४ नंतरचा.

व्हिक्टोरियाच्या १८८७ आणि १८९७ च्या ज्युबिलींना माल इतका निघाला की ते मग आजही परवडतात. सव्वाशे वर्षांपूर्वीची वस्तू एवढ्या कमी पैशांत दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात हाती लागत नाही.

१९०२ ची गोष्ट मजेदार आहे आणि उपयोगीही. सातव्या एडवर्डचा अभिषेक २६ जूनला ठरला होता. २४ जूनला त्याच्यावर अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा ९ ऑगस्टवर गेला. मग मात्र आधीच छापून, वाटून झाले होते. त्यामुळे बहुतेक मगांवर चुकीची, जूनची तारीख आहे आणि बरोबर तारखेचे कमी आहेत. विक्रेता 'तारीख चुकलेला दुर्मीळ नमुना' म्हणून जूनचा मग खपवायला लागला तर त्याला ऑगस्टचा दाखवायला सांगावं. याच राजाच्या नावाने ५ जुलैला लंडनमधल्या सुमारे पाच लाख गरिबांना जेवण दिलं गेलं आणि डोल्टन कारखान्याचे बिनकानाचे बीकर भेट दिले गेले. हे बीकर बऱ्यापैकी मिळतात. काठ तपासून घ्यावेत, कारण ते शोभेसाठी ठेवले गेले नव्हते, वापरले गेले होते.

फुकट वाटलेल्या शाही कपाचा सगळ्यात काळा प्रसंग मात्र रशियातला आहे. १८९६ मध्ये दुसऱ्या निकोलसच्या अभिषेकानंतर मॉस्कोजवळच्या खोदिन्का मैदानावर लोकांना खाऊची पुडकी आणि एक एनॅमलचा कप वाटायचा होता. कपावर झार आणि झारिना यांची आद्याक्षरं आणि साल. भेटवस्तू पुरणार नाहीत अशी आवई उठली, खड्ड्याखड्ड्यांच्या त्या मैदानावर गर्दी पुढे लोटली आणि तेराशेहून जास्त माणसं चेंगरून मेली. राजाच्या नावाच्या एका पत्र्याच्या कपासाठी लोक रात्रभर उभे राहतात, ही ओढ किती खोल असते ते या कपाइतकं स्पष्ट दुसरी कुठली वस्तू सांगत नाही. त्याला 'दुःखाचा कप' म्हणतात. संग्रहात ठेवणाऱ्याने ती हकिकत चिठ्ठीवर लिहून कपाबरोबर ठेवावी, नुसता सुंदर कप म्हणून मांडू नये.

आता सर्वांत मोठा गैरसमज: आठव्या एडवर्डचा मग. 'ज्याचा राज्याभिषेक झालाच नाही त्याचा मग, म्हणजे अतिदुर्मीळ' असं ऐकून लोक भरमसाट पैसे मोजतात. हिशेब साधा आहे. एडवर्ड जानेवारी १९३६ मध्ये गादीवर आला, अभिषेक १२ मे १९३७ ला ठरला आणि त्याने ११ डिसेंबर १९३६ ला गादी सोडली. तोवर कारखान्यांनी महिनोन्‌महिने माल काढला होता. तो फेकला गेला नाही, विकला गेला. उलट राजा प्रेमापायी गादी सोडून गेल्यावर मागणी वाढलीच. म्हणून साधा एडवर्ड मग मुबलक आहे. गादी सोडल्याची तारीख नंतर जोडलेले मग त्या मानाने खरोखर कमी. सहाव्या जॉर्जचा अभिषेकही त्याच १२ मे १९३७ ला झाला, त्यामुळे नुसती तारीख बघून कुणाचा मग ते ठरवता येत नाही. नाव वाचावंच लागतं. काही कारखान्यांनी चौकट तीच ठेवून आतला चेहरा तेवढा बदलला. दोन्ही शेजारी ठेवले तर ते कळतं.

या सगळ्यांत कलेच्या दृष्टीने सर्वांत वरचा मग चित्रकार एरिक रॅव्हिलियसचा. वेजवुड या कारखान्यासाठी त्याने आठव्या एडवर्डच्या अभिषेकाचं चित्र केलं. राजाचा चेहरा त्यात नाहीच. वर रात्रीच्या आकाशात फुटणारं दारूकाम, खाली राजचिन्ह आणि ठसठशीत अक्षरं. काळ्या रेषांच्या छापावर रंग हाताने भरलेले. एडवर्ड गेल्यावर तेच चित्र सहाव्या जॉर्जसाठी बदलून घेतलं. रॅव्हिलियस १९४२ मध्ये युद्धचित्रकार म्हणून आइसलँडजवळ विमानातून जाताना बेपत्ता झाला, तरी १९५३ मध्ये एलिझाबेथसाठी त्याचंच चित्र पुन्हा वापरलं गेलं. तिघांची चिन्हं वेगळी, दारूकाम तेच. सोहळ्याचा जल्लोष दाखवायला चेहरा लागत नाही हे या मगाने दाखवून दिलं. त्याची किंमत अर्थात तशीच चढी असते आणि नकलांचं भय इथेच जास्त. छाप भिंगाखाली ठिपक्यांचा दिसला, रेषेचा दिसला नाही, तर तो घेऊ नये. लॉरा नाइट या चित्रकर्तीनेही १९३७ साठी मगाचं चित्र केलं होतं. बुडावर तिच्या सहीचा छाप असतो, आणि रॅव्हिलियसच्या तुलनेत ते मग आवाक्यात आहेत.

१९४७ आधीच्या काही मगांवर 'किंग एम्परर' किंवा 'हिंदुस्थानचा सम्राट' अशा अर्थाचा मजकूर असतो. १९५३ च्या मगांवर तो नाही. साम्राज्य गेल्याची नोंद चहाच्या मगावर अशी उतरलेली पाहायची असेल तर १९११, १९३७ आणि १९५३ चे तीन मग ओळीने मांडावेत. नवख्याने मात्र सुरुवात १९५३ पासूनच करावी. २ जून १९५३ च्या सोहळ्यासाठी अनेक नगरपालिकांनी शाळकरी मुलांना मग वाटले, आणि त्यांवर गावाचं मानचिन्ह, कधी महापौराचं नावही असतं. भाव कमी, माहिती भरपूर, आणि नकली करण्यात कुणाला फायदा नाही. १९८१ चे चार्ल्स-डायना लग्नाचे मग त्याहून स्वस्त, काही पौंडांत मिळतात, कारण ते अमाप निघाले. त्यांच्याबरोबर येणाऱ्या 'मर्यादित आवृत्ती'च्या प्रमाणपत्रावर आकडा नसून 'अमुक दिवसांच्या भट्टीपुरती मर्यादित' असं लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. तेवढ्या दिवसांत भट्टीत मावेल तेवढा माल, असा तो करार असतो.

जुना मग घेताना तपासणी अशी करावी. मग कानाला धरून लोंबता ठेवावा आणि काठावर बोटाच्या नखाने हलकी टिचकी मारावी. धड बोन चायना खणखणतो आणि नाद रेंगाळतो. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. अर्दनवेअरचा नाद मुळातच छोटा असतो, त्यामुळे तिथे नादावर भिस्त ठेवू नये. मगाच्या आत छोटा टॉर्च धरावा. बोन चायनातून उजेड झिरपतो आणि तडा असेल तर काळी रेघ दिसते. काठावरून बोट पूर्ण फिरवावं, टवका डोळ्यांआधी बोटाला कळतो. कान जिथे मगाला चिकटतो ते दोन्ही सांधे भिंगाने पाहावेत, दुरुस्ती बहुधा तिथेच असते. अंधारात अतिनील टॉर्चखाली रंग लावून बुजवलेला भाग आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा वेगळा चमकतो. दुरुस्त केलेली जागा हाताला जरा कोमट आणि मऊ लागते, चिनीमाती थंड लागते. ग्लेझमध्ये केसासारख्या रेघांचं जाळं असेल तर घाबरायचं कारण नाही. मातीचा गोळा वर्षानुवर्षं ओल शोषून किंचित फुगतो आणि वरचा काचेचा थर तेवढा ताणत नाही, म्हणून ते होतं. रेघा तपकिरी झाल्या असतील आणि मगाला कुबट वास येत असेल तर मात्र सोडून द्यावा.

जुन्या मगातून चहा पिऊ नये, लिंबू सरबत तर नाहीच. ग्लेझवरच्या जुन्या रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं आणि आंबट पदार्थाने ते सुटतं. नव्या सोनेरी कडेचा मग मायक्रोवेव्हमध्ये घातला तर ठिणग्या उडतात आणि कड काळी पडते. डिशवॉशरची पावडर तेच सोनं हळूहळू खाते. सोन्याची झीज नेमकी ओठ लागतात तिथे आणि अंगठा टेकतो तिथे आधी दिसते.

धुण्यासाठी प्लॅस्टिकचं टब, तळाला टॉवेल, कोमट पाणी आणि चार थेंब सौम्य साबण. एका वेळी एकच मग. अंगठी काढून ठेवावी. चहाचा डाग काढायला ब्लीच कधीही वापरू नये. बारीक रेघांतून ते मातीत शिरतं, वाळल्यावर त्याचे क्षार फुलतात आणि ग्लेझ खवले होऊन सुटतं. दुकानाची किमतीची चिकटपट्टी सोन्यावर लावलेली असेल तर ओढून काढू नये, सोनं पट्टीबरोबर येतं. कोमट पाण्याचा बोळा ठेवून गोंद मऊ होऊ द्यावा. विक्रेता आपल्यासमोर पट्टी खरडायला लागला तर त्याला थांबवावं आणि मग तसाच घरी आणावा.

मांडताना मग एकात एक घालू नयेत, वरच्याचं बूड खालच्याची कड खरवडतं. कानाला हुकावर टांगू नयेत. कानाचा सांधा हाच सगळ्यात कच्चा भाग. गुंडाळायला आम्लविरहित टिश्यू कागद घ्यावा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या मगावर आणि सोन्यावर उतरते, आणि बबल रॅप थेट अंगाला लागून वर्षभर राहिला तर ग्लेझवर गोल डाग दिसू लागतात. पेटी, पावती आणि आतलं माहितीपत्रक फेकू नये. नव्या मगाची नोंद करताना कुठून घेतला, बुडावर काय छापलं आहे आणि डेकलमध्ये कोणते दोष आहेत हे लिहावं, फोटो बुडाचा आणि कानाखालच्या जोडाचा काढावा. पुढे तो विकायचा झाला किंवा विमा काढायचा झाला तर समोरचा माणूस पहिल्यांदा हेच दोन फोटो मागतो.